माझ्या नावाचं खातं

१३ जानेवारी, सोमवार

सायबर पोलीस ठाण्यातल्या मोहिते बाई म्हणाल्या, "प्रत्येक फोनची तारीख, वेळ, नंबर आणि तो काय बोलला, सगळं लिहून ठेवा. लाज वाटली तरी लिहा." म्हणून ही वही.

शुक्रवारपासून आजपर्यंत एकतीस फोन. पहिला शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, मी लाइनवर बाटल्यांची झाकणं तपासत असताना. "स्वप्नाली का? दुपारी एकटी असतेस ना?" मला वाटलं राँग नंबर. चौथ्या फोनवाल्याला मी आईबहिणीवरून शिव्या घातल्या, तेव्हा तो हसून म्हणाला, "तूच तर नंबर टाकलायस."

फेसबुकवर माझ्या नावाचं खातं आहे. माझा फोटो, माझं गाव वटार, वालीवची माझी कंपनी, माझा नंबर. खाली लिहिलंय, "मन मोकळं करायला मैत्री हवी. नवरा लक्ष देत नाही." छत्तीस वर्षांची बाई मी, वीस बायकांवर सुपरवायझर. कोणा हरामखोराने माझ्या तोंडात हे शब्द घातले.

मोहिते बाईंनी विचारलं, "तुमचा फोन अजून कोण हाताळतं? पासवर्ड कोणाला माहीत आहेत?" प्रश्नाचाच राग आला. म्हणजे चूक माझीच का? म्हटलं, कोणी नाही. नवरा, दीपेश, शेजारी बसला होता. फोनचं सगळं तोच बघतो, तेव्हा पुढची उत्तरं त्यानेच दिली.

१४ जानेवारी, मंगळवार

सकाळी सात ते संध्याकाळी सहा, चोवीस फोन. आज संक्रांत, त्यामुळे निम्म्या डुकरांनी तिळगूळ मागितला. एकाने लहान बाळ शेजारी रडत असताना फोन केला होता. त्याला म्हटलं, "आधी पोराला घे." फोन ठेवला त्याने. दिवसभरात तेवढाच एक डाव जिंकले.

१७ जानेवारी, शुक्रवार

खात्यावर दुसरा फोटो आला. मी वाडीत, मागच्या पडवीत केस वाळवतेय, मागे केळीचा घड. हा बहुतेक मी कधीतरी स्टेटसला ठेवला असणार. आठवत नाही. दीपेश म्हणाला, "ठेवला होतास की, दिवाळीत." त्याला आठवतं म्हणजे ठेवला असेल.

पहिला फोटो मात्र कुठला ते नक्की आठवतं. कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमातला आहे. मोरपंखी साडी. तो ॲल्रॉयने काढला होता.

२२ जानेवारी, बुधवार

ॲल्रॉय आमच्या कंपनीत मशीन दुरुस्त करतो. निर्मळ गावचा. रविवारी लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो, म्हणून सोमवारी हटकून उशिरा येतो. नोव्हेंबरमध्ये मीच त्याला लेखी ताकीद द्यायला लावली होती. तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला होता, "मॅडम, तुम्हाला माणसं पण मशीन वाटतात."

खरं तर माझ्या डोक्यात तो आला नव्हता. काल जेवताना दीपेशने विचारलं, "तुझा तो बँडवाला नाही ना?" आणि एकदम सगळं जुळलं. फोटो त्याचा. राग त्याचा. कंपनीचं नाव त्याला माहीत.

आज कँटीनमध्ये त्याला धरलं. "फोन दाखव तुझा."

"कशाला?"

"घाबरतोस कशाला?"

"घाबरत नाही मॅडम. माझा फोन आहे, माझ्या बायकोचे मेसेज आहेत." मग चाचरला. "होणाऱ्या बायकोचे. फेलिशियाचे."

फोन दाखवला नाही. ज्याच्या मनात काही नाही तो दाखवेल ना?

मोहिते बाईंना फोन करून त्याचं नाव दिलं. त्या म्हणाल्या, "नोंद करते. पण फेसबुक कंपनीकडून माहिती येईपर्यंत तुम्ही स्वतः काही करू नका." दीड महिना लागेल म्हणे. दीड महिना मी काय कानात बोळे घालून बसू?

२७ जानेवारी, सोमवार

नवं सिम घेतलं. दीपेश स्वतः दुकानात आला, फॉर्म भरला, जुने नंबर नव्यात घातले. कुरिअरची नोकरी सुटल्यापासून तो वाडीच बघतो, चाफा आणि केळी, त्यामुळे दिवसा मोकळा असतो. एरवी माझ्या कामासाठी इतका हलत नाही. संकटात माणूस कळतो म्हणतात, तो मला कळतोय.

नवा नंबर चौघांनाच दिलाय. दीपेश, विरारची आई, चंद्रहास सर आणि ऑफिसमधली क्लार्क. चंद्रहास सर आमचे मॅनेजर. डिसेंबरपासून मी घरी ज्याविषयी बोलत होते ते त्यांनी आज पक्कं सांगितलं, एप्रिलपासून मला प्रॉडक्शन इन्चार्ज करणार. आधी तीन आठवडे नाशिकला ट्रेनिंग. मी घरी येऊन पेढे वाटले. दीपेशने पेढा हातात घेतला आणि म्हणाला, "नाशिकला राहायचं कुठे? आणि कोण कोण असणार तिथे?" मग म्हणाला, "बघ बाई, तुझी मर्जी."

३० जानेवारी, गुरुवार

सकाळी दहा वाजता नव्या नंबरवर पहिला फोन. "स्वप्नाली, नंबर का बदललास?"

मी टॉयलेटमध्ये जाऊन दाराला लाथा मारल्या. क्लार्कचं टेबल ॲल्रॉयच्या वर्कशॉपच्या वाटेवर आहे. रजिस्टर उघडंच पडलेलं असतं. तिला इतकं बोलले की ती रडली. रडू दे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

लाज वाटतेय, पण मोहिते बाईंनी सांगितलंय, लिहा.

कंपनीच्या ग्रुपवर दुपारी एका अनोळखी नंबरावरून फोटो आला. चेहरा माझा. शरीर माझं नाही. अंगावर काही नाही. ग्रुपमध्ये एकशे बारा माणसं. फोटो दोन मिनिटांत काढून टाकला म्हणे, पण दोन मिनिटं खूप झाली. माझ्या लाइनवरच्या बायका मान वर करत नव्हत्या. पॅकिंगमधला एक जण खोटं खोकला आणि त्याच्या बाजूचे हसले.

चंद्रहास सरांनी केबिनमध्ये बोलावलं, पाणी दिलं. "मला माहीत आहे हे तुम्ही नाही. पण इन्चार्जला दीडशे माणसांसमोर उभं राहावं लागतं. जरा वातावरण शांत होऊ दे. नाशिकचं पुढे बघू."

म्हणजे फोटो खोटा आणि शिक्षा खरी.

घरी दीपेशला सांगितलं. त्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "सोड ती नोकरी. घरी बस. वाडी आहे आपली, उपाशी मरणार नाही." सासूबाई ओट्यावर फुलं निवडत बसल्या होत्या. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, मग टोपली उचलून आत गेल्या. त्यांना यातलं काय कळणार. त्यांना वाचता येत नाही, फोन घेताही येत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज मी केलं.

ॲल्रॉयचा ट्रम्पेट वाजवतानाचा फोटो घेतला, खाली लिहिलं, "हा विकृत माणूस निर्मळला राहतो. बायकांचे घाणेरडे फोटो बनवतो. आपल्या आयाबहिणी सांभाळा." त्याच्या घराची खूण दिली, नाव दिलं. गावाच्या ग्रुपवर, महिला मंडळाच्या, शाळेच्या, फुलवाल्यांच्या, एकूण चौदा ग्रुपवर टाकलं. तासाभरात माझ्याचकडे तो मेसेज तीन वेगवेगळ्या लोकांकडून परत आला. गावाच्या ग्रुपच्या ॲडमिनने लिहिलं, "ताई, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. याला सोडायचा नाही."

किती दिवसांनी पोटभर जेवले.

८ फेब्रुवारी, शनिवार

काल संध्याकाळी निर्मळ नाक्यावर त्याला मारलं. कोण होते, किती होते, कोणी सांगत नाही. पुढचे दोन दात गेले आणि ओठ फाटला. एक बाई मला म्हणाली, "आता कसला वाजवतोय तो बाजा." ती हसली. मीही हसले.

खरं लिहायचं ठरलंय तर लिहिते. मला बरं वाटलं. संध्याकाळी भाजी चिरताना एकदा त्याचा ओठ डोळ्यांसमोर आला. मी सुरी जोरात चालवली.

कंपनीने त्याचं येणं बंद केलं. मीही रजेचा अर्ज दिला. मला तिथे उभं राहवत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सहा दिवस घरी आहे. या सहा दिवसांत एक फोन नाही. खातं पण गायब. बघा! तो पडला आणि सगळं थांबलं. आणखी काय पुरावा हवा? मोहिते बाईंना फोन करून हेच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुम्ही नोकरीवर जाणं कधी थांबवलंत?" म्हटलं, त्याच सुमारास. "बरं," म्हणाल्या. यांना काय बरं वाटतं कळत नाही.

दीपेश खुशीत आहे. दुपारी स्वतः चहा करतो. म्हणतो, किती वर्षांनी घर घरासारखं वाटतंय. सासूबाईंशी मात्र त्याचं काहीतरी बिनसलंय. खताच्या खोलीला त्याने कुलूप घातलं, त्यावरून त्या बडबडत होत्या. "त्याला इचार ना, कुलूप कशाला," त्या मला म्हणाल्या. खतासाठी भांडायचं म्हणजे कमाल आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

ॲल्रॉयची आई, मटिल्डा, वाडीच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. मी आत होते. दीपेशने तिला हाकललं. ती भांडली नाही. मोठ्याने एवढंच म्हणाली, "बाय, फेलिशियाच्या घरच्यांनी लग्न मोडलं. एकदा माझ्या पोराच्या तोंडाकडे बघून जा." मी खिडकी लावून घेतली.

पोराने काय केलं ते त्यांना कळायला हवं, असं स्वतःला सांगितलं. झोप नीट लागली नाही.

३ मार्च, सोमवार

मोहिते बाईंनी एकटीलाच बोलावलं. "नवऱ्याला आणू नका," असं स्पष्ट म्हणाल्या. मला विचित्र वाटलं. तरी दीपेशला आईकडे जाते सांगून गेले.

त्यांनी एक कागद समोर ठेवला. "खातं जिथून उघडलं त्याची माहिती आली. बारा वेळा लॉगिन. बाराही वेळा एकाच कनेक्शनवरून. ते कनेक्शन कोणाच्या नावावर आहे, वाचा."

माझ्या नावावर. आमच्या घरचं वायफाय.

"हे तुम्ही केलंत का?"

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. त्यांनी ओरडू दिलं. मग तितक्याच शांतपणे विचारलं, "मग घरात अजून कोण आहे?"

"सासूबाई. त्यांना फोन येत नाही."

"आणि?"

टेबलावर काच होती, काचेखाली कॅलेंडर. मी फेब्रुवारीचे रविवार मोजले. चार होते. मग पडवीतला तो फोटो आठवला. मी तो स्टेटसला कधीच ठेवला नव्हता. तो काढताना दीपेश म्हणाला होता, "हलू नकोस, छान दिसतेस." सिमचा फॉर्म त्यानेच भरला. ॲल्रॉयचं नाव पहिल्यांदा त्यानेच घेतलं. सगळं माझ्या समोर होतं आणि ते मी माझ्याच हाताने या वहीत लिहिलं होतं.

"आणि नवरा," मी म्हटलं.

४ मार्च, मंगळवार

काल घरी गेले नाही, आईकडे राहिले. आज दुपारी पोलिसांबरोबर वटारला गेले.

दीपेश आधी हसला. "काहीतरी गडबड आहे साहेब, वायफाय तर शेजारीपण वापरतात." खताच्या खोलीची किल्ली हरवली म्हणाला. तेव्हा सासूबाई पुढे झाल्या. कनवटीची दुसरी किल्ली काढली, दार उघडलं, युरियाच्या रिकाम्या गोणीत हात घातला आणि एक फोन काढून मोहिते बाईंच्या हातात दिला.

"आई!" दीपेश ओरडला.

"मला वाटलं, कोन बाई असंल त्याची," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "तुला समजू नये म्हनून गप ऱ्हायले. असला काय असंल असं कोनाला वाटंल?"

फोनमध्ये सगळं होतं. माझे चेहरे कापून ठेवलेले, ओळीने, जशी आम्ही नमुन्याची झाकणं ट्रेमध्ये मांडतो.

त्याला जीपमध्ये बसवताना मी विचारलं, "का?"

"तू नाशिकला गेली असतीस," तो म्हणाला. इतक्या साधेपणाने, जसं काही भाजीत मीठ कमी आहे. "घरी बसावीस एवढंच पाहिजे होतं. मी कधी हात तरी लावला का तुला? सांग यांना. कधी मारलं का?"

नाही मारलं. तेही मोहिते बाईंनी लिहून घेतलं.

जीप गेल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "आता तू पन जा. तुझ्याकडं बघवत नाय मला." मला वाटलं होतं, किल्ली दिली म्हणजे त्या माझ्या बाजूच्या. त्या कोणाच्याच बाजूच्या नव्हत्या. मी कपडे भरले.

१० मार्च, सोमवार

मोहिते बाईंनी सगळे गुन्हे वाचून दाखवले. खोट्या नावाने खातं, दुसऱ्याची ओळख वापरणं, अश्लील फोटो बनवून पसरवणं, बदनामी. मी प्रत्येकावर मान डोलावत होते. कागद उलटून त्या म्हणाल्या, "दुसरी तक्रार तुमच्याविरुद्ध आहे. ॲल्रॉयने दिलीय. फोटो वापरून बदनामी, घराचा पत्ता देऊन लोकांना चिथावणं."

"पण मला फसवलं होतं."

"त्याला मारणाऱ्यांनाही तुम्ही फसवलंच होतं. तेही हेच म्हणतील."

बाहेर येऊन बाकावर बसले. तिथे एक म्हातारा आपली पाळी येण्याची वाट बघत होता. त्याने विचारलं, "तुमची तक्रार कोणावर?"

वकील म्हणतो, काळजी करू नका, तुम्ही पीडित आहात, मानसिक ताणाखाली होता, सुटाल. त्याला मी म्हटलं, विचार करते. विचार असा करते की सुटण्याची इच्छा मला अजूनही आहे. ती जात नाही.

१६ मार्च, रविवार

निर्मळला गेले. मटिल्डाने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत हाक मारली, "ती आलीय." बस म्हटलं नाही.

ॲल्रॉय आला. ओठाला टाक्यांची जाड रेघ. बोलताना हवा सुटते. मी माफी मागितली. घोकून गेले होते, तरी मधेच अडखळले.

"फोन दाखवला असता तर विश्वास ठेवला असता?" त्याने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हटलं.

"मग ठीक आहे. म्हणजे मी काही चुकलो नाही. रोज तेच डोक्यात यायचं."

मी विचारलं, काय करू. तो म्हणाला, "जिथे जिथे टाकलंत तिथे तिथे टाका. तुमच्या फोटोसकट. मी खोटं बोलले असं लिहा. ‘गैरसमज झाला’ असं नाही. आणि माफी बिफी मला नको. तुम्ही इथून गेलात की मम्मी फरशी धुणार आहे."

मटिल्डा खरोखरच हातात बादली घेऊन उभी होती.

२१ मार्च, शुक्रवार

चौदा ग्रुप. माझा फोटो, खाली मजकूर: "मी स्वप्नाली. ५ फेब्रुवारीला मी ॲल्रॉयविषयी जे टाकलं ते खोटं होतं. पुरावा नसताना टाकलं. त्याने काहीही केलेलं नाही. माझ्यामुळे त्याला मार बसला, त्याचं काम गेलं, लग्न मोडलं. तो मेसेज ज्यांनी पुढे पाठवला त्यांनी हाही पाठवावा."

संध्याकाळपर्यंत वाट बघितली. माझ्याकडे तो एकदाही फिरून आला नाही. महिला मंडळात एकीने रडका चेहरा टाकला, मग हळदीकुंकवाचे फोटो सुरू झाले. फुलवाल्यांच्या ग्रुपवर चाफ्याचा भाव आला. पण तो जुना मेसेज आजही नायगावच्या कुठल्याशा ग्रुपवर फिरतोय, आईच्या शेजारणीने दाखवला. आता त्यात मी न लिहिलेल्या दोन ओळी वाढल्यात.

गावाच्या ग्रुपचा तोच ॲडमिन. त्याने लिहिलं, "ताई, वैयक्तिक वाद ग्रुपवर नकोत. गावाची बदनामी होते." आणि मला ग्रुपमधून काढून टाकलं.

२३ मार्च, रविवार

वकिलाला काल कळवलं, जे केलं ते केलं असंच जबाबात लिहा. त्याने फोन आपटला.

तोच मजकूर मोठ्या अक्षरांत छापून घेतला. सकाळी निर्मळ नाक्यावर गेले, जिथे त्याला मारलं तिथे. दुकानाबाहेरच्या फळ्यावर दूधवाल्याच्या जाहिरातीशेजारी कागद चिकटवला. दुकानदार म्हणाला, "कोणी फाडलं तर मला विचारू नका." म्हटलं, मी इथेच आहे.

चर्चमधून माणसं सुटली. बायका थांबल्या, वाचलं, एकमेकींना कोपराने खुणावत पुढे गेल्या. दोघा पोरांनी कागदाबरोबर माझाही फोटो काढला. तो आता कुठे जाईल मला माहीत आहे आणि मला तो थांबवता येणार नाही.

मग एक माणूस सायकलवरून उतरला, कॅरिअरला केळीची पानं बांधलेली. त्याने ओठ हलवत शेवटपर्यंत सगळं वाचलं. फोटो बघितला, मग मला बघितलं.

"त्या दिवशी मी पण होतो," तो म्हणाला. "दोन ठेवून दिल्या त्याला. तुमच्या शब्दावर."

तो माझ्या पायाशी थुंकला आणि सायकलवर बसून गेला.

मी दुपारी एकपर्यंत तिथेच उभी राहिले.